सहा नॉटची होडी आणि अरबी समुद्राचे वादळ
(प्रस्तावना)

जाळी, बर्फ, डिझेल आणि माणसे घेऊन मालवण किंवा देवगडहून निघालेली यांत्रिक नौका साधारण सहा-सात नॉट वेगाने चालते. म्हणजे तासाला अकरा ते तेरा किलोमीटर. उत्तर हिंदी महासागरातल्या चक्रीवादळाचे केंद्र सरासरी तासाला चौदा-पंधरा किलोमीटर पुढे सरकते. हे दोन आकडे शेजारी मांडले की पुष्कळांना नवल वाटते. वादळ अंगावर झेपावते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्याच्या पोटातला वारा ताशी शंभर-दीडशे किलोमीटरने फिरत असला, तरी वादळ स्वतः सायकलवरच्या माणसाच्या चालीने येते. फरक इतकाच की ते रात्री नांगर टाकत नाही, त्याला डिझेल पुरवावे लागत नाही आणि त्याच्या वाऱ्याचा घेर केंद्रापासून दोन-तीनशे किलोमीटरपर्यंत पसरलेला असतो. म्हणून संथ नौकेला वादळाशी शर्यत लावता येत नाही. त्याच्या वाटेतून बाजूला होता मात्र येते, पण त्यासाठी दीड-दोन दिवस हाताशी हवेत. त्या दीड-दोन दिवसांचे काय करायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

‘संथ नौका’ म्हणताना आमच्या डोळ्यांसमोर माणसे जिच्यावर राहतात अशी प्रत्येक तरती वस्तू आहे. आठ-दहा दिवस खोल समुद्रात राहणारी मासेमारी नौका हे खलाशांचे घरच असते. तिथेच भात शिजतो, तिथेच पाळीपाळीने झोप होते. शिडाच्या नौकेवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्यांचे घर महिनोन्‌महिने पाण्यावर असते. तेलक्षेत्रात कामगारांच्या निवासासाठी उभे केलेले तराफे म्हणजे तर स्वतःचे इंजिन नसलेल्या चाळीच. आणि जगात काही मंडळी कायमची समुद्रात वसाहत करण्याची स्वप्ने पाहत आहेत. त्यांच्या आराखड्यातली घरे दोन नॉटच्या वर हलणार नाहीत. या सगळ्यांचे आकार, हेतू आणि पैसा वेगळा आहे. अडचण मात्र एकच: धोका दिसल्यावर निघायचे म्हटले तर उशीर झालेला असतो.

या तरत्या वसाहतींची कल्पना हसण्यावारी नेऊ नये, कारण तिच्यामुळे एक जुना हिशेब नव्याने करता येतो. मालवण साधारण 16 अंश उत्तर अक्षांशावर आहे. विषुववृत्ताच्या पाच अंश अलीकडे-पलीकडे चक्रीवादळे जवळजवळ तयारच होत नाहीत, कारण तिथे पृथ्वीच्या परिवलनाने मिळणारा पीळ फार क्षीण असतो. (2001 मध्ये सिंगापूरजवळ ‘वामेई’ने हा नियम मोडला, पण अपवाद म्हणूनच तो लक्षात राहिला.) मालवणपासून त्या पट्ट्यापर्यंत अकरा अंश, म्हणजे 660 सागरी मैल. दोन नॉटने अहोरात्र चालणारे घर दिवसाला 48 मैल कापते, म्हणजे दोन आठवड्यांत पोहोचते. एप्रिल महिन्याच्या आधी दक्षिणेला जायचे आणि हंगाम उलटल्यावर परतायचे. एवढी मंद वस्तूदेखील वर्षाचे नियोजन केले तर वादळाला चुकवू शकते. म्हणजे वेग कमी असेल तितका निर्णय आधी घ्यावा लागतो. वर्षाचा, आठवड्याचा, दिवसाचा. ग्रंथभर हाच धागा आहे.

कोकणाला यातला वर्षाचा निर्णय शिकवावा लागला नाही. आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, लागली की होड्या वर ओढायच्या, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि मग शीड उभारायचे, ही हवामानशास्त्राची पहिली आणि आजवरची सर्वांत यशस्वी शाळा. तिला पंचांगाची शाळा म्हणू. तिच्यात अंदाज वर्तवायचा नसतो. वर्षातले काही महिने समुद्राच्या नावे सोडून द्यायचे असतात. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली, ती शत्रूसाठी जितकी होती तितकीच पावसाळ्यात आरमाराला पाठीशी काही हवे म्हणूनही उपयोगी पडली. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त आरमाराचे प्रकरण लिहिले. त्यात समुद्र खवळण्याआधी जहाजे किल्ल्याच्या आश्रयाने बंदरात छावणीला घालावीत, याचा विचार आहे. लढाईच्या ग्रंथात जहाजे केव्हा हलवू नयेत याला इतकी जागा मिळावी, हे मला त्या ग्रंथाचे मोठेपण वाटते.

आजची 1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी माशांच्या प्रजननाचे कारण पुढे करते, पण माणसांच्या दृष्टीने ती त्याच पंचांगाची सरकारी आवृत्ती आहे. पंचांग मोडले की काय होते याची कोकणी घराघरांत सांगितली जाणारी आठवण म्हणजे ‘रामदास’ बोट. 17 जुलै 1947, गटारीची अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ लाटेने कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ते चक्रीवादळ नव्हते. भर आषाढातला नेहमीचा दर्या होता.

पण पंचांगाची शाळा दोन ठिकाणी तोकडी पडते. अरबी समुद्रातली चक्रीवादळे ऐन पावसाळ्यात सहसा येत नाहीत. ती एप्रिल ते जूनच्या आरंभापर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात, म्हणजे पंचांगाने समुद्र मोकळा ठेवलेल्या काळात. फयान चक्रीवादळ 11 नोव्हेंबर 2009 ला अलिबाग-मुंबई पट्ट्यात किनाऱ्याला भिडले, तेव्हा मासेमारीचा भर हंगाम होता. कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊ लागल्यापासून किनारा गाठेपर्यंत त्याने जेमतेम दोन दिवस घेतले आणि कोकणातल्या अनेक होड्या परतल्या नाहीत. क्यार 2019 च्या ऐन दिवाळीत सिंधुदुर्ग-रत्नागिरीसमोर रेंगाळले आणि मग पश्चिमेला वळून महाचक्रीवादळ झाले. त्याच्या पाठोपाठ ‘महा’ नावाचे दुसरे वादळ आलेच. ही तारखांची यादी वाढवता येईल, पण मुद्दा इतकाच की पंचांग समुद्राचा स्वभाव सांगते, त्याची तब्येत सांगत नाही.

दुसरी शाळा जहाजाच्या डेकवर जन्मली. कोलकात्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन या इंग्रजाने 1840 च्या दशकात बंगालच्या उपसागरातल्या वादळांच्या जहाजी नोंदी जमवल्या आणि वारा केंद्राभोवती गोल फिरतो हे कप्तानांच्या गळी उतरवण्यासाठी शिंगाचे पारदर्शक पत्रे तयार केले. त्यांवर वाऱ्याच्या दिशा कोरलेल्या होत्या. पत्रा नकाशावर ठेवायचा, आपल्याकडचा वारा त्यावरच्या बाणाशी जुळवायचा, की केंद्र कुठे आहे ते कळते. संगणकाच्या पडद्याआधी शंभर-सव्वाशे वर्षे हाच नाविकांचा संगणक होता. ‘सायक्लोन’ हे नाव त्यानेच रूढ केले. 1864 च्या ऑक्टोबरात कोलकात्याला वादळाने झोडपले, त्यानंतर 1865 मध्ये त्या बंदरात इशाऱ्यांची व्यवस्था सुरू झाली आणि 1875 मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. आजही वर्तमानपत्रात ‘बंदरात तीन नंबरचा बावटा’ अशी बातमी येते, ती याच परंपरेतली. मोठ्या बंदरांत असे अकरा संकेत असतात. अकरावा लागला तर हवामान खात्याशी संपर्कच तुटला आहे असे समजायचे. तो संकेत ज्याने यादीत घातला तो माणूस व्यवहारी असला पाहिजे.

या शाळेचे नियम थोडक्यात असे. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. वादळाचे केंद्र तुमच्या डाव्या हाताला, किंचित पुढे असते. वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत गेला, म्हणजे पूर्वेचा आग्नेयेचा झाला आणि आग्नेयेचा दक्षिणेचा झाला, तर तुम्ही वादळाच्या वाटेच्या उजव्या बाजूला आहात. उलट फिरला तर डाव्या. वारा दिशा न बदलता वाढत राहिला आणि हवेचा दाब उतरत राहिला, तर तुम्ही थेट त्याच्या वाटेत आहात. उजवी बाजू धोक्याची, कारण तिथे फिरणाऱ्या वाऱ्यात वादळाच्या पुढे सरकण्याचा वेग मिसळतो आणि वारा नौकेला वादळाच्या पुढ्यात ढकलतो. डाव्या बाजूला त्यातल्या त्यात सौम्य वारा मिळतो आणि तो नौकेला मागे, सुटकेच्या दिशेने नेतो.

हे नियम जगभरच्या पुस्तकांत आहेत. ते मालवणच्या किनाऱ्यावर आणून पाहिले की मात्र पोटात गोळा येतो. लक्षद्वीपच्या बाजूने उठणारी जी वादळे किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकतात, त्यांची उजवी बाजू म्हणजे पूर्व. म्हणजे आपला किनारा आणि किनाऱ्यालगतचे मासेमारीचे सगळे पाणी. पुस्तकी सल्ला असा की धोक्याच्या अर्धवर्तुळात सापडलात तर वारा उजव्या नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या उजव्या अंगावर, घ्या आणि केंद्रापासून दूर सरका. केंद्र पश्चिमेला असताना आपल्याकडे आग्नेय-दक्षिणेचा वारा असतो. तो उजव्या नाळेवर घेतला की नाळ पूर्वेकडे वळते, आणि पूर्वेला तासाभराच्या अंतरावर खडक आहेत. खुल्या समुद्रातला नियम इथे होडीला खडकांवर नेतो. थोडे पुढे गेल्यावर, केंद्र वायव्येला सरकले की, वारा नैऋत्येचा होतो आणि मग नांगर लागत नसेल तर किनारा स्वतःच होडीकडे येतो.

अधिक फसवी गोष्ट याआधी घडलेली असते. वादळ अजून दक्षिणेला दूर असताना मालवणात वारा पूर्वेचा असतो, म्हणजे जमिनीवरून येणारा. जमिनीवरचा वारा किनाऱ्याजवळ लाट उठू देत नाही; पाणी ताटासारखे दिसते. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे पहाटेचा मतलई होडीला बाहेर नेतो आणि दुपारचा खारा वारा परत आणतो, ही रोजची ये-जा. दुपार झाली, खारा वारा यायला हवा होता आणि आला नाही, पूर्वेचा वारा तसाच वाहत राहिला, तर त्या शांत पाण्यावर विश्वास ठेवू नये. त्याच वेळी नैऋत्येकडून लांब, संथ, दोन माथ्यांमध्ये बारा-चौदा सेकंदांचे अंतर असलेली लाट येऊ लागली असेल तर शंकाच नको. अशी लाट तासाला पस्तीस-चाळीस किलोमीटर पळते, म्हणजे स्वतः वादळाच्या दुपटीहून जास्त. ती पुढे पाठवलेली नोटीसच असते. ‘वारो फिरलो’ हे दोन मालवणी शब्द ज्याने वेळेवर म्हटले त्याने पिडिंग्टन वाचला नसला तरी त्याचा नियम त्याला ठाऊक होता. फक्त तो म्हणतो त्याच्या आधी, वारा फिरायला हवा होता पण फिरला नाही तेव्हाच, होडी बंदराकडे वळलेली असावी, असे या पुस्तकातल्या लेखकांचे एकमत आहे.

तिसरी शाळा बॅरोमीटरची. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत हवेचा दाब रोज दोनदा चढतो-उतरतो. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे व दुपारी चारच्या सुमारास कमी, फरक तीनेक हेक्टोपास्कलचा. ही लय बिघडली, किंवा त्या दिवसांच्या नेहमीच्या दाबापेक्षा तीन हेक्टोपास्कल कमी दिसू लागले, की सावध व्हायचे. पाचांनी उतरला की वादळ दूर नाही. हे उपकरण आज बऱ्याच मोबाईल फोनमध्ये आयते असते आणि आपल्या होड्यांवर जवळजवळ कुणी ते वापरत नाही. मला हे चमत्कारिक वाटते.

चौथी शाळा आश्रयाची. युरोप-अमेरिकेतली शिडाच्या नौकांवरची पुस्तके वाचली की खुला समुद्र सुरक्षित आणि किनारा घातक असा सूर दिसतो. मोठ्या, बंदिस्त, जड बुडाच्या नौकेसाठी तो खरा आहे. आपल्या उघड्या डेकच्या होड्यांना तो लागू नाही. आपला किनारा खाड्यांनी भरलेला आहे आणि आपली परंपरा बंदर गाठण्याची आहे. विजयदुर्गची वाघोटन खाडी, देवगडचे डोंगराआडचे बंदर ही अशा काळासाठी निसर्गाने केलेली सोय. देवगडला वाऱ्याच्या दिवसांत गुजरातपासून तमिळनाडूपर्यंतच्या नौका शेजारी शेजारी बांधलेल्या दिसतात. 2017 च्या नोव्हेंबरअखेर ओखी चक्रीवादळ कन्याकुमारीजवळून अरबी समुद्रात घुसले, केरळ-तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार गेले किंवा बेपत्ता झाले. त्याच वेळी 68 नौका आणि त्यांवरचे 952 मच्छीमार सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागले. त्यांतल्या 66 नौका केरळच्या होत्या. वादळ मागून येत असताना ही माणसे उत्तरेला आली. या एका घटनेचा नीट अभ्यास व्हायला हवा होता, कारण इतक्या संथ नौकांनी इतक्या संख्येने वादळ चुकवल्याची नोंद आपल्याकडे दुसरी नाही म्हटले तरी चालेल.

आश्रयालाही अटी असतात. कर्ली किंवा आचऱ्याच्या खाडीच्या मुखाशी वाळू साचते. ओहोटीचे पाणी बाहेर पडत असताना समोरून मोठी लाट आली की ती मुखावरच उभी राहून फुटते. अशा वेळी आत शिरणे बाहेर राहण्यापेक्षा वाईट. भरतीची वेळ चुकली तर सहा तास थांबावे लागते आणि ते सहा तास कुठे काढायचे हे आधी ठरलेले असावे लागते. बंदरात पोहोचले म्हणजे सुटले असेही नाही. तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी, मे 2021 मध्ये, देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरावर असलेल्या होड्या दोर तुटून बुडाल्या आणि त्यांत जीव गेला. नांगरलेल्या होडीवर पहाऱ्याला माणूस ठेवायचा की तिला सोडून द्यायचे, हा प्रश्न प्रत्येक मालकाला त्या रात्री पडतो. माझे उत्तर सरळ आहे: होडी पुन्हा बांधता येते.

पाचवी शाळा अंदाजाची, आणि आज सगळ्यांचे लक्ष तिच्याकडेच आहे. उपग्रह, गोव्यातले डॉप्लर रडार, हवामान खात्याच्या मच्छीमारांसाठीच्या सूचना, हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचे लाटा आणि प्रवाहांचे अंदाज हे सगळे आज तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, खिशातल्या फोनवर येऊ शकते. एक दिवस आधी सांगितलेल्या वादळाच्या जागेतली सरासरी चूक आता शंभर किलोमीटरच्या आत आली आहे. ही मोठी मजल आहे. पण शंभर किलोमीटर म्हणजे आपल्या होडीचे आठ-नऊ तास, हे विसरता येत नाही. जहाजांवर एक जुना आडाखा चालतो, एक-दोन-तीनचा: वादळाच्या जोरदार वाऱ्याचा जो घेर सांगितला असेल त्यात एक दिवसासाठी शंभर, दोन दिवसांसाठी दोनशे आणि तीन दिवसांसाठी तीनशे सागरी मैल मिळवायचे आणि त्या वर्तुळात पाऊल टाकायचे नाही. अंदाज सुधारले म्हणून हा आडाखा आता अती सावध वाटतो. संथ नौकेसाठी मी तो तसाच ठेवीन. बिपरजॉय 2023 च्या जूनमध्ये सुमारे तेरा दिवस जिवंत होते आणि त्याची वाट ठरवताना जगभरच्या संगणकांचे एकमत होत नव्हते. एखाद्याने पहिल्या दिवशीच्या नकाशावर विसंबून दिशा धरली असती तर दोनदा बदलावी लागली असती.

अंदाज पाहणे आणि अंदाज वापरणे यांत फरक आहे. नकाशावर वादळाची एक रेघ असते आणि भोवती शंकूसारखा पट्टा. लोक रेघ बघतात. पट्टा म्हणजे केंद्र कुठेही असू शकते ती जागा. वाऱ्याचा घेर त्याच्याही बाहेर असतो. शिवाय किनाऱ्यापासून दूर गेल्यावर फोनची रेंज जाते. त्यानंतर उरतो तो व्हीएचएफ वायरलेस, उपग्रहाकडून संदेश देणारी यंत्रे, आणि शेजारची होडी. ही तिसरी गोष्ट कुठल्याच पुस्तिकेत नसते, पण खोल समुद्रात बातमी बहुतेक वेळा तिच्याकडूनच मिळते.

खुल्या समुद्रातली शाळा मराठी वाचकाला परकी वाटू नये. पृथ्वीप्रदक्षिणेच्या भारतीय परंपरेची मुळे आपल्या आसपासच आहेत. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून नौदलाची ‘सागर परिक्रमा’ निघाली. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत ‘म्हादेई’ बांधली गेली. कमांडर दिलीप दोंदे तिच्यावरून ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि मे 2010 मध्ये परतले. त्या प्रवासाचे वेळापत्रक पाहिले की नियोजनाचा अर्थ कळतो: दक्षिण महासागरातले दिवस तिथल्या उन्हाळ्यात पडतील असे निघणे, आणि पुढच्या टप्प्याचे वारे बदलायच्या आत मागचा टप्पा संपवणे. पंचांगाचीच शाळा, पृथ्वीच्या आकाराची. याच परंपरेतले कमांडर अभिलाष टॉमी 2018 मध्ये ‘थुरिया’वरून गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. थुरियासुद्धा गोव्यातच बांधलेली. ‘सुहेली’ या मुंबईत कुलाब्याला बांधलेल्या सागवानी नौकेची प्रतिकृती. 1968-69 मध्ये सुहेलीवरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी पहिली न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. 21 सप्टेंबर 2018 ला हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने थुरियाच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला गंभीर दुखापत झाली आणि तीन दिवसांनी फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचलले. चार-पाच नॉटच्या नौकेला त्या अक्षांशात प्रत्येक वादळ चुकवता येत नाही. तिथे चुकवण्याची विद्या संपते आणि सोसण्याची सुरू होते: शीड कमी करून वाऱ्याकडे तिरके तोंड ठेवून थबकणे, पाण्यात छत्रीसारखा समुद्री नांगर सोडणे, मागे दोर ओढत वेग मारणे. या सोसण्याच्या विद्येवर इंग्रजीत उत्तम ग्रंथ आहेत. आमच्या संग्रहात तिला एकच प्रकरण आहे, आणि ते मुद्दाम शेवटी ठेवले आहे.

चुकवण्याची विद्या न वापरणे कुठे सर्वांत महाग पडले, याचे उदाहरण मात्र शिडाच्या नौकेचे नाही. तौक्तेचा कमी दाबाचा पट्टा 14 मे 2021 ला लक्षद्वीपजवळ होता, 16 ला ते सिंधुदुर्गासमोरून गेले आणि 17 च्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर चढले. मुंबईपासून सुमारे 70 किलोमीटरवर हीरा तेलक्षेत्रात पी-305 हा निवासी तराफा होता, त्यावर 261 माणसे. तराफ्याला इंजिन नाही. टगने ओढले तरच तो हलतो. हवामान खात्याचे इशारे दिवसागणिक येत होते. तराफा तेलक्षेत्रातच राहिला, नांगर सुटले आणि 17 मे रोजी तो बुडाला. नौदलाने आणि तटरक्षक दलाने त्या समुद्रातून 186 जणांना वाचवले. वरप्रदा या टगवरच्या तेरांपैकी दोघे वाचले. दोन्ही मिळून 86 माणसे गेली. ओढण्याचा वेग चार नॉट धरला तरी मुंबई दहा तासांवर होती. नांगर उचलण्याचा आणि टग लावण्याचा वेळ मिळवा, तरी हिशेब दिवसभरात बसतो. अंदाज अचूक होता. निघण्याची वेळ कोणी ठरवायची आणि न निघाल्याचा दोष कोणावर, हे ठरलेले नव्हते. या ग्रंथाला निमित्त कोणते, असे विचारले तर मी ही घटना सांगेन.

कारण हाच प्रश्न लहान होडीवरही असतो. बर्फ भरला आहे, डिझेलची उधारी आहे, जाळे टाकून दोनच दिवस झाले आहेत आणि सूचना आली की परवा वारा वाढेल. परत फिरले तर फेरी बुडीत. परवा वारा वाढलाच नाही तर गावात हसे. तांडेलाचा अनुभव कितीही दांडगा असो, निर्णय मालकाच्या फोनवर ठरतो. परतलेल्या फेरीचा खर्च कुणी तरी वाटून घेतल्याशिवाय नुसत्या इशाऱ्यांनी होड्या परतणार नाहीत, असे माझे मत आहे. संग्रहातल्या सगळ्याच लेखकांना ते मान्य नाही. काहींच्या मते सक्तीच हवी.

आणि हे आता अधिक निकडीचे का, याचे उत्तर पुण्यातून मिळाले आहे. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये मांडलेल्या अभ्यासात 1982 ते 2000 या काळाच्या तुलनेत 2001 ते 2019 मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळे 52 टक्क्यांनी वाढल्याचे आणि त्यांचा एकूण कालावधी 80 टक्क्यांनी वाढल्याचे दाखवले. बंगालच्या उपसागरात याच काळात संख्या थोडी घटली. ‘वादळ म्हणजे पूर्व किनाऱ्याचे दुखणे’ हे आपण पिढ्यानपिढ्या धरून चाललो. समुद्र तापतो आहे, तेव्हा त्या समजुतीवर नवी बंदरे आखणे किंवा जुन्या होड्यांवर एक तपाचे कर्ज काढणे परवडणारे नाही.

प्रस्तुत संग्रहात वेगवेगळ्या पाण्यातली माणसे एकत्र आली आहेत: गाबीत मच्छीमारांच्या वस्तीतले जुने तांडेल, शिडाची नौका हाकणारे, बंदरांत काम केलेले, हवामानाचे अभ्यासक. त्यांची भाषा एकसारखी करण्याचा प्रयत्न आम्ही केलेला नाही. एकजण मतलई म्हणेल तिथे दुसरा भूमीय वारा लिहील. ग्रंथाचा हेतू मर्यादित आहे: मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यातून निघणाऱ्या संथ नौकेने, किंवा या पाण्यातून जाणाऱ्या परक्या नौकेने, वर्षाचा, आठवड्याचा आणि दिवसाचा निर्णय कोणत्या आधारावर घ्यावा हे दाखवणे. म्हणून यात आश्रयाच्या जागांचे तपशील पुष्कळ आहेत आणि नौकाबांधणीविषयी फारसे काही नाही. बंगालच्या उपसागराचा उल्लेख फक्त इतिहासापुरता आहे. तरत्या वसाहतींवरचा लेख काही वाचकांना चैनीचा वाटेल. त्यांनी तो वगळून देवगडवरचा वाचावा, पण नंतर परत यावे.

एक विनंती. या पुस्तकातले कोणतेही कोष्टक त्या दिवशीच्या सूचनेची जागा घेऊ शकत नाही. चक्रीवादळ असताना हवामान खाते दर तीन तासांनी नवी माहिती देते. निघण्यापूर्वी ती वाचा आणि रेंज जाण्याआधी पुन्हा वाचा. समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक आणि वायरलेसवर चॅनेल 16. हे दोन्ही आकडे होडीतल्या प्रत्येकाला, स्वयंपाक करणाऱ्या पोरालाही, पाठ असू द्या.